तिसरा उमेदवार

११ एप्रिल, शुक्रवार

त्रिंबक सरांनी आज क्लासमध्ये सगळ्यांसमोर माझा रफ कामाचा कागद वर धरला आणि म्हणाले, "शिवांजली, तुझा राग घरी एखाद्या वहीत काढ, इथं काढू नको." चुकलेल्या उत्तरावर मी एवढ्या जोरात काट मारली होती की कागद फाटला होता. म्हणून माजलगावच्या स्टँडवर ही वही घेतली. आता सर म्हणतात तर काढते राग.

राग पाण्याचा आहे. इलेक्ट्रोकेमिस्ट्रीत पाणी आलं की माझं डोकं फिरतं. सोडियम सल्फेटच्या पाण्यातून करंट सोडला तर कॅथोडवर काय होईल, एवढाच प्रश्न होता. मी H⁺ ची हाफ रिअ‍ॅक्शन लिहिली, शून्य व्होल्ट, हायड्रोजन निघाला, संपलं. सरांनी त्याला गोल केला आणि लिहिलं, "अ‍ॅसिड कुठंय?" अहो, शेवटी हायड्रोजनच निघाला ना? पण नाही. साध्या पाण्यात H⁺ नसल्यातच जमा, म्हणून तिथं आख्खं पाणी लिहायचं, उणे ०.८३. अ‍ॅसिड असलं तरच H⁺. तिकडं अ‍ॅनोडवर बेस असला तर OH⁻ घ्यायचा, नसला तर पुन्हा पाणीच, उणे १.२३. एका पाण्याच्या चार हाफ रिअ‍ॅक्शन, आणि कोणती घ्यायची ते प्रश्नात लिहायची कुणाला गरज वाटत नाही.

सर म्हणाले, "इलेक्शन समज. कॅथोडवर इलेक्ट्रॉन घ्यायला कोण उभं हाय, अ‍ॅनोडवर द्यायला कोण उभं हाय, ते आधी बघ. उमेदवारांची यादी बघितल्याबिगर शिक्का मारू नको." सगळा वर्ग हसला. मी हसले नाही. नीटला दुसऱ्यांदा बसणारीला असले विनोद पचत नाहीत. परीक्षा चार मेला आहे आणि मागच्या साली माझं याच धड्यानं वाटोळं केलंय.

१३ एप्रिल, रविवार

जमलं. सकाळपासून नुसतं पाणी, पाणी, पाणी. आता मला झोपेतून उठवून विचारा. साधं पाणी दिसलं की कॅथोडवर पाणी, अ‍ॅनोडवर पाणी, इकडं हायड्रोजन, तिकडं ऑक्सिजन, चला पुढं. सोडियम, कॅल्शियम, सल्फेट हे नुसते डिपॉझिट जप्त व्हायला उभे राहतात. पाणी जवळजवळ बिनविरोधच निवडून येतं.

आमच्या किराणा दुकानाच्या ओट्यावर बसून अभ्यास केला कारण घरात अव्वाचं, म्हणजे आईचं, पापड लाटणं चालू होतं. ओट्यावर तरी कुठं शांतता आहे. तेलगाव फाट्यावर गाडी थांबली की माणसं उतरून सरळ माझ्या वडलांच्या, अप्पांच्या पाणपोईवर येतात. पाडव्याला लिंबाखाली रांजण बसतो, ओलं गोणपाट गुंडाळलेला. मळ्यातल्या विहिरीचं पाणी अप्पा स्वतः पहाटे हातगाड्यावर आणतात आणि पाणी वाढायचं लांब दांड्याचं ओगराळं दुसऱ्या कुणाच्या हातात देत नाहीत. दुकानात गिऱ्हाईक उभं असलं तरी आधी पाणी पाजणार. गिऱ्हाईक ओरडतं, मन्मथअप्पा, साखर. अप्पा म्हणतात, थांब की, साखर काय उडून चालली का. बसवेश्वर जयंतीची मिरवणूक दर साली आमच्या रांजणापाशी थांबते, तेव्हा तर ते कुणाला बोलूच देत नाहीत. मला या सगळ्याचा वैताग येतो. तिथं सतत पेल्यांचा आवाज होत असतो.

१६ एप्रिल, बुधवार

आज जे झालं ते नीट लिहिते.

दुपारी फिल्टर कंपनीचा एक पोरगा फाट्यावर आला. रविराज नाव. गळ्यात टाय आणि पायात स्लीपर. म्हणाला, तुमच्या गावचं पाणी फुकट तपासून दाखवतो. त्याच्याकडं एक डबी होती, खाली लोंबणाऱ्या धातूच्या काड्या. त्या काड्या त्यानं एका फडक्यानं पुसल्या, ते फडकं इतकं तांबडं-काळं की गॅरेजवालाही हातात धरणार नाही. असल्या घाणेरड्या माणसानं स्वच्छतेवर भाषण द्यायचं. वीज लागते म्हणाला तर अप्पांनीच त्याला दुकानातलं बटण दिलं.

दोन ग्लास. एकात त्याच्या फिल्टरचं पाणी, एकात आमच्या रांजणातलं. दोन्हींत काड्या सोडल्या, बटण दाबलं. फिल्टरचं पाणी होतं तसंच राहिलं. आमचं आधी हिरवट झालं, मग पिवळं, मग तपकिरी, आणि वर गाळाचा असा थर आला की बघणाऱ्यांनी तोंडं फिरवली. भाजी विकणाऱ्या केसरबाई रांजणाशेजारीच बसतात. त्यांच्या हातात पेला होता, तो त्यांनी हळूच खाली ठेवला.

"हेच पाणी पिता तुमी," रविराज म्हणाला. "लपलेली घाण विजेनं बाहेर काढली, बस."

अप्पा म्हणाले, "आमी बी रोज हेच पितो, बाबा. आमाला तर काय झालं न्हाई."

"म्हणूनच केस गेले असतील अप्पा," रविराज म्हणाला आणि माणसं हसली.

तळपायाची आग मस्तकात गेली. भारतभाऊ तिथंच उभे होते, सोसायटीचे चेअरमन, जयंतीची कमिटीही त्यांचीच. ते माझ्याकडं वळून म्हणाले, "अगं शिवा, तू डॉक्टरीण होणार ना? तुला यातलं कळतंय. सांग बरं, ह्यो पोरगा बनवतोय का खरं हाय?"

सगळे माझ्याकडं बघायला लागले. राग बाजूला ठेवून मी भाव लिहायचा फळा पुसला आणि खडू घेतला. कॅथोडवर पाणी, हायड्रोजन. अ‍ॅनोडवर पाणी, ऑक्सिजन. एकही खोड न करता लिहिलं. मग सांगितलं की शुद्ध पाण्यात वीज सोडली तर हे दोनच वायू निघतात आणि दोघांनाही रंग नसतो. तर मग हा रंग आला कुठून? पाण्यात जे आधीच होतं त्यातून. दुसरीकडून येऊच शकत नाही.

रविराजनं फळ्याचा फोटो काढला. अप्पा फळ्याकडं बघत होते, त्यांना त्यातलं अक्षर कळत नव्हतं. मग म्हणाले, "शिवा म्हणती म्हंजे असंल." आणि ग्लासातला गाळ स्वतः जाऊन मोरीत ओतून आले.

मला आधी बरं वाटलं. खोटं कशाला लिहू. सगळा फाटा गप्प करून टाकला होता मी. नंतर मात्र असा राग आला अप्पांचा. एवढी वर्षं लोकांना पाणी पाजता, एकदा तपासून घ्यायला काय झालं होतं? पुण्य करायला निघाले आणि गाळ पाजला.

१७ एप्रिल, गुरुवार

सकाळी उठून बघते तर लिंबाखाली रांजण नाही. अप्पांनी तो परसात नेऊन पालथा घातलाय.

मी म्हटलं, "अप्पा, पाणी उकळून ठेवा, तुरटी फिरवा, काहीतरी करा. रांजणच उचलायचा म्हणजे काय?"

"लोकांला वाईट पाणी पाजू का?"

"मग त्या पोराला चार गोष्टी तरी सुनवायच्या. गिऱ्हाइकासमोर केसांवरून बोलला तुम्हाला."

"खरं बोलला ना त्यो. तूच म्हणलीस."

यांना भांडता येत नाही, हा यांचा मूळ आजार. कुणी थोबाडात मारली तर दुसरा गाल पुढं करण्याआधी त्याला बसायला पाट देतील. मी अव्वाला सांगून टाकलं की मला जारचं पाणी पाहिजे, परीक्षेच्या तोंडावर मी जुलाब काढत बसणार नाही. दुपारी जार आला. अव्वाही जारचं प्यायला लागली. अप्पा मात्र हट्टानं विहिरीचंच पितात. समोर एवढा फळा भरून समजावलं तरी. आता याला काय म्हणायचं?

२० एप्रिल, रविवार

फाटा कसा दिसतो ते लिहिते. लिंबाखाली ओलं वर्तुळ होतं ते वाळलं. बसमधून उतरलेली माणसं त्या जागी येऊन उभी राहतात, इकडंतिकडं बघतात आणि जातात. एक म्हातारी अप्पांना म्हणाली, "पाणी न्हाई व्हय औंदा?" अप्पांनी तिला दुकानातली बाटली फोडून दिली आणि स्वतः आत जाऊन उगाच पोती लावत बसले.

भारतभाऊ आले होते. म्हणाले, जयंतीला औंदा रविराज जार देणार हाय, फुकट, थंडगार, तुमी काय वाईट वाटून घेऊ नका. अप्पा म्हणाले, "न्हाई न्हाई, चांगलंच हाय." चांगलंच हाय म्हणे. मी आतून ऐकत होते, दात एवढे आवळले की कानशील दुखलं.

आणि संध्याकाळी दुकान अव्वावर टाकून हे कुठं जातात कोण जाणे. तीन-चार दिवस झाले. कुणाच्या तरी ओट्यावर तंबाखू मळत बसत असतील. घरातली अब्रू फाट्यावर टांगली आहे आणि यांना गप्पा सुचतात. विचारलं तर म्हणाले, "जरा काम होतं."

मी तरी काय करू? मी खरं तेच सांगितलं.

२३ एप्रिल, बुधवार

आज मी स्वतःच्या हातानं स्वतःला मारून घ्यावं असं झालंय.

क्लासला टेस्ट होती. कॉपर सल्फेटच्या पाण्यातून करंट, कॉपरचे इलेक्ट्रोड, अ‍ॅनोडवर काय होईल. मी बघितलं, सल्फेट आहे, पाणी आहे, अ‍ॅसिड-बेसची कटकट नाही. पाणी, उणे १.२३, ऑक्सिजन. एका श्वासात. चूक. मी सरांशी वर्गातच भांडायला उठले. म्हटलं, सर, तुम्हीच सांगितलं होतं उमेदवार बघा. मी बघितले. दोनच होते.

सर म्हणाले, "इलेक्ट्रोड कशाचा हाय?"

"कॉपरचा."

"मग त्यो काय नुसता बघायला उभा हाय का? त्यालाबी इलेक्ट्रॉन देता येतात. पाण्यापेक्षा लवकर देतो त्यो. ऑक्सिजन निघायच्या आधी कॉपरच विरघळतो."

"पण सर, सरावाच्या शीटमध्ये तर कुठंच असं नव्हतं."

"शीटमध्ये प्लॅटिनम होतं, बाई. प्लॅटिनम निवडणूक लढवत न्हाई. पयल्या दिवशी सांगितलं होतं, तू तवा पुढची पानं चाळत होतीस. पेपरात कावून प्लॅटिनम लिहितात, कधी इचार केलास का?"

मी खाली बसले. म्हणजे मी ज्या खुर्चीवर उमेदवार बसवत होते ती खुर्चीच निवडणुकीला उभी होती. वाटलं ठीक आहे, गेले चार मार्क. मग परतीच्या गाडीत, पवारवाडीचा चढ लागला तेव्हा, ते फडकं आठवलं. रविराजचं तांबडं-काळं फडकं. काड्या पुसायचं.

ती घाण नव्हती. तो गंज होता. त्याच्या काड्या प्लॅटिनमच्या नव्हत्या, लोखंडाच्या होत्या. कंपनी प्लॅटिनम देते काय त्याच्यासारख्याला?

लोखंड इलेक्ट्रॉन द्यायला पाण्यापेक्षा कितीतरी उतावीळ. अ‍ॅनोडवर पाणी निवडून येऊच शकत नाही तिथं. काडीच विरघळते, पाणी आधी हिरवट दिसतं, मग हवा लागून तपकिरी. अगदी त्याच क्रमानं, जसं सगळ्या फाट्यानं बघितलं. रंग काडीचा होता. आणि फिल्टरच्या पाण्यात क्षारच नसल्यासारखे, वीजच वाहिली नाही, म्हणून ते होतं तसंच राहिलं. फळ्यावर मी सगळे उमेदवार मांडले आणि जो समोर पाण्यात उभा होता त्याचंच नाव लिहिलं नाही. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला.

२४ एप्रिल, गुरुवार

आधी स्वतः करून बघितलं. आता मी कुणाच्या शब्दावर जाणार नाही, माझ्याही नाही.

फवारणीच्या पंपाची बॅटरी, दोन वायरी, दोन खिळे, विहिरीचं पाणी. हिरवट, मग तपकिरी, मग गाळ. अव्वा तोंडाला पदर लावून बघत होती. मग जारचं पाणी घेतलं. काही नाही. त्यात चिमूटभर मीठ टाकलं. पंधरा मिनिटांत जारचंही तसंच मातकट झालं. मग टॉर्चचे जुने सेल फोडून आतल्या कार्बनच्या काळ्या कांड्या काढल्या, घासून घासून धुतल्या आणि खिळ्यांऐवजी त्या विहिरीच्या पाण्यात सोडल्या. नुसते बुडबुडे. पाणी नितळच.

अव्वा म्हणाली, "म्हंजे आपलं पाणी..."

मी म्हटलं, "थांब गं, अप्पांना सांगू दे."

अप्पा घरात नव्हते. मी तशीच चप्पल अडकवून त्यांना शोधायला निघाले. केसरबाई टोपल्या आवरत होत्या. त्यांना विचारलं, अप्पा कुणाच्या ओट्यावर बसतात हल्ली? माझा आवाज चढलेला होता, मला माहीत आहे.

केसरबाईंनी मला खाली बसवलं. म्हणाल्या, "ओट्यावर बसायला न्हाई गं जात त्यो माणूस. घरोघर जातोय. माझ्याकडंबी आलता. हात जोडून दारात उभा. म्हणला, केसरबाई, मागच्या उन्हाळ्यात तुमच्या नातवाला हगवण लागलती, दवाखान्यात ठिवलं होतं, ती माझ्या पाण्यानं तर न्हाई ना लागली? मी म्हणलं, अप्पा, त्यानं जत्रंत काय बी खाल्लं होतं. तर म्हणतोय, तसं न्हाई, आमची शिवा शिकलेली हाय, ती म्हणती पाण्यातच हाय. ज्याच्या ज्याच्या घरी दुखणं झालं त्याच्या त्याच्या दारात जाऊन आलाय त्यो."

मी विचारलं, "तुम्ही का पाणी सोडलं मग? तुम्हाला त्या रविराजचं खरं वाटलं?"

"त्या टायवाल्याचं कोण ऐकतंय," केसरबाई म्हणाल्या. "तू म्हणलीस म्हणून सोडलं."

घरी येताना मला कुणाला तरी मारावंसं वाटत होतं आणि रस्त्यात कुणी भेटलं नाही.

२५ एप्रिल, शुक्रवार

अप्पांना सांगितलं. दोन्ही पेले समोर ठेवून, खिळे दाखवून, झिजलेला खिळा हातात देऊन. ते खिळा बराच वेळ फिरवत राहिले. मग म्हणाले, "म्हंजे पाणी चांगलं हाय?"

हो म्हणायला तोंड उघडलं होतं. मग लक्षात आलं की मला ते माहीतच नाही. लोखंडाच्या काडीनं पाणी वाईट ठरत नाही, तसं चांगलंही ठरत नाही. जंतू काही बॅटरीला दिसत नाहीत. नऊ दिवसांपूर्वी हीच अक्कल कुठं चरायला गेली होती?

"ते या प्रयोगानं कळत नाही, अप्पा. तपासायला द्यावं लागेल."

"मग दे," अप्पा म्हणाले. "तवर रांजण न्हाई."

मी ओरडले त्यांच्यावर. म्हटलं, ओरडा तरी माझ्यावर, काहीतरी बोला, मी तुम्हाला सगळ्या गावासमोर खाली पाडलं. ते म्हणाले, "तू अभ्यास कर. परीक्षा जवळ आली." आणि गिऱ्हाइकाला तूरडाळ द्यायला उठले.

सरकारी प्रयोगशाळेतून निर्जंतुक बाटली आणली, विहिरीचं पाणी भरलं, दुपारच्या आत पोचवलं. क्लास बुडला. बुडू दे.

२७ एप्रिल, रविवार

रविराज आज फाट्यावर आला, जयंतीच्या जारची जागा बघायला. मी वाटच बघत होते. भारतभाऊ होते, केसरबाई होत्या, गाडीची माणसं होती. म्हटलं, काढ तुझी डबी. त्याला वाटलं मी गिऱ्हाईक आणून देतेय, त्यानं हसत काढली. मी त्याच्याच फिल्टरच्या पाण्यात घरचं मीठ टाकलं आणि म्हटलं, आता दाब बटण.

त्याचं पाणी गाळ झालं. आमच्यापेक्षा काळं.

मग फळा घेतला. वर पाणी, खाली पाणी, आणि त्याखाली लोखंड, मोठ्या अक्षरात. सांगितलं की रंग या काडीचा आहे, कुणाच्याही पाण्यात मीठ किंवा क्षार असले की येणार. आणि सांगितलं की त्या दिवशी मी लोखंडाला मोजलंच नाही, मी चुकले. हे वाक्य दोनदा बोलावं लागलं, पहिल्यांदा कुणाला ऐकूच गेलं नाही.

मला वाटलं होतं रविराजचं तोंड पडेल. सगळी रात्र त्याला काय काय बोलायचं ते ठरवून ठेवलं होतं. त्यानं ग्लासाकडं बघितलं, काडीकडं बघितलं आणि खरोखर गांगरून म्हणाला, "ताई, मला काय म्हाईत? मी बारावी नापास हाय. कंपनीनं शिकवलं तसं करतो. मी नुसत्या काड्या घालतो. का होतं ते तर तुमच्याकडनंच कळलं मला." आणि मोबाइल काढून माझ्यासमोर धरला. माझा फळा. माझं अक्षर, एकही खोड नाही. "गावोगाव ह्योच दाखवतो मी. लोकांला लई पटतं."

मी म्हटलं, "पूस तो." त्यानं पुसला. मग खाली बघत म्हणाला, "पर आमच्या एजन्सीच्या ग्रुपवर गेलाय, ताई. वीस-पंचवीस पोरं हायती त्यात."

चोराच्या उलट्या बोंबा म्हणायची सोय नाही. तो बोंबलतही नव्हता. मी त्या पोराकडून एजन्सीच्या साहेबाचा नंबर घेतला आणि तिथंच उभं राहून फोन लावला. साहेब म्हणाला, मॅडम, उद्या बोलू. मी रोज लावणार आहे.

२९ एप्रिल, मंगळवार

साहेबानं उचलला नाही.

रिपोर्ट आला. जंतू नाहीत, क्षार जरा जास्त, पिण्यास योग्य. मी तो अप्पांना वाचून दाखवला. त्यांनी विचारलं, "नक्की ना, शिवा?" मी पुन्हा वाचला, बोट ठेवून, मग म्हटलं, नक्की. त्यांनी परसात जाऊन रांजण सरळ केला आणि आत हात घालून घासायला बसले. अव्वा म्हणाली राहू द्या, मी घासते. त्यांनी ऐकलं नाही.

३० एप्रिल, बुधवार

पहाटे हातगाड्याच्या चाकाचा आवाज आला आणि मी झोपेतच रडले. हे इथं लिहिते, कुणाला सांगणार नाही.

मिरवणूक अकराच्या सुमारास फाट्यावर आली. भारतभाऊंनी जारही ठेवले होते आणि आमच्या रांजणापाशी ढोलही थांबवला, त्यांना दोन्हीकडं मतं सांभाळायची असतात. सगळे थांबून बघायला लागले. केसरबाई टोपलीमागून उठल्या, आपला स्टीलचा पेला पदरानं पुसला आणि अप्पांपुढं धरला. अप्पांनी ओतलं. त्या प्यायल्या, म्हणाल्या, "अजून." मग एकेक जण आला. काही सरळ जारकडं गेले. त्यांचा मला राग आला, पण ऊन एवढं होतं की जार बर्फाचे होते म्हणून गेले असतील.

अप्पा ओतत होते. कुणी हात जोडून शरणार्थ म्हटलं की शरणार्थ म्हणत होते. माझ्याकडं एकदाही बघितलं नाही.

गर्दी पांगल्यावर मी जवळ गेले. म्हटलं, "अप्पा, तुम्हाला खरंच वाटलं होतं पाणी वाईट आहे?"

"तू म्हणलीस ना."

"मग घरात जार होता की. तुम्ही ते विहिरीचंच का पीत होता?"

त्यांनी ओगराळं रांजणाच्या काठाला टेकवलं. उपरण्यानं मान पुसली. म्हणाले, "एवढे उन्हाळे लोकांला तेच पाजलं, पोरी. त्यातलं काय व्हायचं ते त्यांला होऊ द्यायचं आन् मी जारचं प्यायचं?"

मी हट्ट म्हणाले होते त्याला. याच वहीत.

"धर," अप्पा म्हणाले आणि ओगराळं माझ्या हातात दिलं. "सकाळधरनं घोट न्हाई घेतला. वत जरा."

त्यांनी वाकून ओंजळ केली. मी ओतलं. ते प्यायले आणि त्यांनी ओंजळ तशीच धरली, म्हणून मी पुन्हा ओतलं.